स्वस्तातला फोन

पोळा झाला आणि मी दुपारच्या जेवणाला आईकडे जायला लागले. माझं सासर तिथून तीन गल्ल्या पलीकडे, पण लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या शेडमधून निघालं की आधी आईचं घर लागतं. बाबा संक्रांतीनंतर गेले होते आणि आई घरात एकटीच होती. स्कूटी फाटकाशी लावून आत पाऊल टाकावं, तर तव्यावर ज्वारीची भाकर टम्म फुगलेली. मी हात धुवून बसेपर्यंत ती ताटात. सासरी मला सगळ्यांचं झाल्यावर डब्यातलं उरलंसुरलं खायची सवय, त्यामुळे हे लाड मला फार आवडले. आयतं मिळत असलं की माणूस चौकशा करत नाही. मीही केल्या नाहीत.

मग एक दिवस पहिला घास मोडताना सहज मनात आलं, मी निघाले हे हिला कळतं कसं? मी तर कधी फोन करत नव्हते. जायची वेळ साधारण एकची, पण त्यात इकडेतिकडे व्हायचंच. आईने मात्र क्वचितच मला ताटावर थांबवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. पीठसुद्धा भिजवलेलं नव्हतं. "आज काहून लवकर?" एवढंच तिने विचारलं. पुढच्या आठवड्यात ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडण्यात मला उशीर झाला आणि तीन वाजत आले. तेव्हा भाकर झालेली होती आणि पार गार पडली होती. ताट भिंतीकडे मांडलेलं होतं, बाबा बसायचे त्या जागी, वर दुसरं ताट झाकलेलं, शेजारी त्यांचा तांब्या.

"त्यायची थंडी होऊन गेली," आई म्हणाली. "तू खाऊन घे आता."

तिची जीभ घसरली असेल असं मला वाटलं. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून जातं. मी ती गार भाकर वरणात कुस्करून खाल्ली, पण भिंतीकडे पाठ करून बसायला मला बरं वाटेना. मी सरकून दाराकडे तोंड करून बसले.

आमचा धंदा वातींचा. फुलवाती, समईच्या लांब वाती, निरांजनाच्या छोट्या. कापूस इथलाच. राळेगावकडच्या ओळखीच्या जिनिंगमधून चांगला, पांढरा रुईचा गठ्ठा यायचा, बाया बोटांना जराशी राख लावून वाती वळायच्या, आणि आम्ही त्या डब्यांत भरून विकायचो. शेडमध्ये कायम बारीक कापूस उडत असतो. भुवयांवर बसतो, चहात पडतो. बाबा म्हणायचे, आपण जिवंतपणीच म्हातारे दिसतो. देवाधर्माचा माल, त्यात कसली स्पर्धा असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात परराज्यातून यंत्रावरच्या वाती येतात आणि त्या आमच्यापेक्षा इतक्या स्वस्त असतात की कापूस तरी खरा आहे का अशी शंका यावी. गावात कुणी आमच्या वाती जास्त पैसे देऊन घेत नव्हतं. शेड उभी होती ती शारजाच्या मालावर.

शारजाला एक किराणा आणि पूजेच्या सामानाचं दुकान आहे. त्याचे मालक मूळचे आर्णीचे, मुसलमान, तरुणपणी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. मी त्यांना चाचा म्हणते. तिकडच्या हिंदू बायकांना हातवळणीची वात लागते, ती तडतडत नाही आणि काजळी कमी धरते, हे त्यांनीच बाबांना सांगितलं होतं. दिवाळीच्या आधी त्यांचा एक मोठा माल जायचा. तो गेला की पुढचे कितीतरी महिने बायांच्या मजुरीची चिंता नसायची. तो गेला नाही तर शेडला कुलूप लागणार, हे मला, आईला आणि वाती वळणाऱ्या एकूण एक बाईला माहीत होतं.

या सगळ्या व्यवहारात फोन फार महाग गोष्ट होती. शारजात मोबाइलवरचं फुकटातलं बोलणं चालत नाही, तिकडे ते बंद असतं. निरोप लिहून पाठवता येतो, पण बाबांचा नियम होता की भाव लिहून द्यायचा नाही. लिहिलेला भाव फोटो होऊन अर्ध्या तासात दुसऱ्या व्यापाऱ्याकडे पोचतो आणि तो त्यातून चार पैसे कमी करून माल घेऊन जातो. आमचं एकदा असं झालं होतं. तेव्हापासून भाव तोंडीच. चाचांनाही लिहिण्याचा कंटाळा होता. मग ते फोन करायचे आणि बाबांच्या हिशेबाने वातीच्या डब्यावर सुटणारा नफा बोलण्यातच जायचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं बाबा प्रत्येक फोननंतर म्हणायचे. तरी पोरं काय करतात, आर्णीत पाऊस किती, हे विचारल्याशिवाय दोघांचं पोट भरत नसे.

बाबांची काटकसर घरातही तशीच. शेडमधून जेवायला निघताना ते आईला मिस कॉल द्यायचे. दोन रिंगा वाजू द्यायच्या आणि कट. याचा अर्थ, निघालो, भाकर टाक. घर दहा मिनिटांवर, म्हणजे ते पोचायला आणि भाकर उतरायला गाठ पडायची. आईने तो फोन जन्मात कधी उचलला नाही. उचलला की पैसे कटतात. पुढे बोलणं फुकट झालं, महिन्याचं एकदाच रिचार्ज मारायचं आलं, मी दोघांना शंभरदा समजावलं, पण ते पालथ्या घड्यावर पाणी. आईकडे बटणांचा फोन आहे. त्यात नावं मीच भरून दिली होती. बाबांच्या नंबरला काय नाव टाकू विचारलं तर ती लाजली, नवऱ्याचं नाव घेईना. म्हणून मी चिडून 'अहो' टाकलं. ते तिला आवडलं.

बाबा गेल्यावर काही दिवस तिने त्यांच्या नंबरचं रिचार्ज चालू ठेवलं. मग मी थांबवलं. मेलेल्या माणसाच्या फोनमध्ये कशाला पैसे घालायचे? मला त्यात चूक वाटली नाही, आजही वाटत नाही. आमच्या डब्यांवर दोन नंबर छापलेले आहेत, एक बाबांचा आणि खाली 'घर' म्हणून आईचा. छापलेले डबे खोलीभर पडले होते, ते टाकून देण्याइतकी श्रीमंती नव्हती. ज्याला बोलायचं असेल तो खालच्या नंबरवर बोलेल, असं मी ठरवलं. झालंही तसंच. उन्हाळ्यात चाचांचा फोन आईलाच आला होता, सांत्वनाचा. दोघंही फोनवर रडली.

आता भाकरीचं. त्या गार भाकरीनंतर मी दोन दिवसांनी पावणेएकलाच जाऊन बसले आणि कोथिंबीर निवडत राहिले. ऊन कडक होतं. ऑक्टोबरची ती ओली उष्णता, झाड हलत नाही, गल्लीत माणूस नाही. आई पीठ भिजवून परात पुढे घेऊन बसली होती. तवा ठेवलेला, गॅस बंद. ती कशाची तरी वाट बघत होती आणि तिला त्याची घाईही नव्हती.

एक वाजून गेला आणि फळीवरचा तिचा फोन वाजला. मी जवळ होते म्हणून हात पुढे केला. पडद्यावर 'अहो' असं होतं.

मी घाबरले. सरळ सांगते, इतकी घाबरले की कोथिंबिरीची जुडी माझ्या हातातून खाली पडली. फोन वाजत होता, फळीवर थरथरत होता आणि त्या छोट्या हिरव्या पडद्यावर ती दोन अक्षरं लुकलुकत होती.

"राहू दे," आई म्हणाली आणि गॅस पेटवला. "येऊन राह्यले ते."

"आई, कोण?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वेडंवाकडं विचारलंय. "पोळ्यापासून येऊन राह्यला ना फोन. रोज नाई येत. पन येते." ती भाकर थापत होती, एका लयीत, पूर्वीसारखी. "पयले दोनदा वाजला का कट करत. आता पुरा वाजू देतात. आता त्यायले कायची घाई?"

फोन वाजून वाजून थांबला. आईने भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. मी उठून आतल्या खोलीत गेले आणि कपाट उघडलं. बाबांचा फोन त्यांच्या चष्म्याच्या डबीशेजारी होता, मीच ठेवला होता तसा. बटण दाबून पाहिलं. कित्येक महिन्यांत चार्ज न केलेला फोन, सुरू होणार कसा? तरी तो हातात धरायला मला नको वाटलं. दार लावताना कपाट करकरलं आणि बाहेरून आई म्हणाली, "ताट वाढलं."

त्या संध्याकाळी शेडमधून मी बाबांच्या नंबरवर फोन लावला. वाटलं होतं, नंबर अस्तित्वात नाही असं काहीतरी ऐकू येईल. त्याऐवजी ती ठरावीक बाई बोलली, की आपण ज्या व्यक्तीला फोन करत आहात ती व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे. मी पुन्हा लावला. पुन्हा व्यस्त. दुसऱ्या दिवशी सकाळी लावला, दुपारी लावला, व्यस्त. जिवंतपणी बाबा फोनवर इतकं कधी बोलले नव्हते.

मी देवभोळी नाही. वातींचा धंदा करणारं माणूस देवभोळं राहत नाही, देव्हारा आमच्यासाठी गिऱ्हाईक असतं. बसस्टँडजवळ ज्याच्याकडून सगळं गाव रिचार्ज करतं त्या दुकानदाराकडे मी गेले. तो म्हणाला, "ताई, बंद नंबर कंपनी दुसऱ्याले देऊन टाकते. कोनीतरी नवीन घेतला असन." त्याने हे अगदी सहज सांगितलं. मला हायसं वाटलं आणि घरी येईपर्यंत ते गेलंही. नवीन माणसाने नंबर घेतला असेल, मान्य. पण तो नवीन माणूस माझ्या आईला दुपारी एक वाजता फोन कशाला करतो?

मी आईवर ओरडले. उचल तो फोन, विचार त्याला कोण आहेस. ती वाती वळत होती. वळता वळता म्हणाली, "सारी जिंदगी नाई उचलला, आता उचलू?"

"हो, आता उचल."

"आन् उचलला, आन् तिकून कोनी बोललंच नाई तं?"

 मी स्वतः उचलेन असं ठरवलं, पण त्यानंतर दोन-तीन दुपारी फोन आलाच नाही, आणि खरं सांगायचं तर आला नाही याचा मला आनंद झाला. एकदा आला तेव्हा मी घरात होते. हात पुढे गेला आणि फोनपासून वीतभर अंतरावर थांबला. तो वाजून थांबेपर्यंत मी नुसती उभी राहिले. मग आम्ही दोघी जेवलो. भिंतीकडचं ताट मी बाजूला केलं नाही.

इकडे दिवाळी जवळ येत होती आणि शारजाहून काही हालचाल नव्हती. दरवर्षी गणपती उठले की भाव ठरायचा. बाया विचारायला लागल्या. मी सांगायची, येईल फोन, तिकडे गडबड असेल.  कापूस आणून ठेवलेला, डबे तयार, आणि घेणारा गप्प. मीच फोन करावा तर चाचांचा नंबर बाबांच्या त्या बंद फोनमध्ये, आणि तिकडे उगीच घाई दाखवली की भाव पडतो, हेही बाबांचंच.

एक दिवस आर्णीहून चाचांचे धाकटे भाऊ मोटरसायकलवर शेडमध्ये आले. बसलेसुद्धा नाहीत.

"भाईजान विचारून राह्यले, फोन कायले उचलत नाई तुमी?" ते म्हणाले. "कितीकदा लावतात म्हने घरच्या नंबरवर. घंटी जाते, उचलत कोनी नाई. नाराज असान तं तसं सांगा. दुसरा पार्टीवाला मशीनचा माल घेऊन बसला त्यायच्या दुकानात. आठ दिवसांत नाई बोलले तं माल त्याचा."

मी म्हटलं, असं कसं होईल, आईचा फोन कायम चालू असतो. ते म्हणाले, तिकडचे साडेअकरा वाजले की लावतात, तेव्हा दुकानात गर्दी नसते.

तिकडचे साडेअकरा म्हणजे आपला एक.

मी स्कूटी काढली आणि घरी आले. आईचा फोन घेऊन आलेल्या कॉलची यादी उघडली. परदेशी नंबर एकही नव्हता. एकाखाली एक फक्त 'अहो', 'अहो', 'अहो'.  धागा माझ्या हातात आला होता, तरी तो कुठून आला ते अजून कळत नव्हतं. आईला नुसतं म्हटलं, उद्या मी जेवायला लवकर येते.

दुसऱ्या दिवशी फोन आला. आईने गॅस पेटवला. भाकर तिच्या तळव्यावर होती, नुकती थापलेली. मी फोन उचलला.

आधी खरखर झाली. विहिरीत कुणीतरी बोलावं तसा एक पोकळ आवाज आला आणि माझाच 'हॅलो' मला उशिरा परत ऐकू आला. आईने मान वर केली. ती माझ्याकडे नाही, फोनकडे बघत होती. तेवढ्या वेळात तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी यापूर्वी फक्त त्यांच्या लग्नाच्या फोटोत पाहिलं होतं.

"हॅलो! भाभी? या अल्ला, उचलला एकदाचा!" तिकडून आवाज आला. "अरे मी दीड महिन्यापासून फोन करून राह्यलो!"

चाचा होते. आवाज इतका मोठा की आईलाही स्वच्छ ऐकू गेला. तिने भाकर तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवायला विसरली.

मी विचारलं, "चाचा, हा तुमचा नंबर आहे?"

"कोन्ता नंबर? मी तं दुकानात मिळते त्या फोनच्या कार्डावरून लावतो बेटा. सस्ता पडते. सीधा फोन लावला तं या मार्केटात धंदा करनंच नाई होत, बाजूवाला डब्यामागं माह्याहून कमी घेते. कार्डावर कोनाचा बी नंबर दिसते तिकडं. कधी कलकत्त्याचा, कधी दिल्लीचा. यंदा काय दिसून राह्यला?"

मला नंतर बसस्टँडजवळच्या त्या रिचार्जवाल्या दुकानदाराने नीट सांगितलं. कुठेतरी एका खोलीत कुणीतरी यंत्रं मांडून बसतं, त्यात ढिगाने सिम घातलेली असतात. परदेशातला स्वस्तातला फोन त्या खोलीत उतरतो आणि तिथल्या एखाद्या सिमवरून पुढे लागतो. चोरीचा धंदा आहे, पकडले जातात, पुन्हा दुसरीकडे खोली घेतात. बंद होऊन पुन्हा विकला गेलेला बाबांचा नंबर त्या खोलीत जाऊन पडला होता. रात्रंदिवस त्यावरून कुणाकुणाचं बोलणं चालू होतं, म्हणून तो कायम व्यस्त. मी ती खोली कधी पाहिली नाही, पण ती माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बंद खिडक्या, माणूस कुणी नाही, आणि बाबांचा नंबर परक्या लोकांना बोलू देतोय.

तेव्हा मात्र मला एवढंच सुचलं. "चाचा, बाबांचा नंबर दिसतो इकडे. आईला वाटत होतं..." 

 मग चाचा हळू आवाजात म्हणाले, "तौबा. भाभीले दे फोन." आईने मानेनेच नको म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, "सांग त्यायले, मले नवतं माहीत. आता कार्ड नाई वापरत मी. सीधा करतो, जाऊ दे पैसे. माल तुमचाच घेतो. तुहा नंबर दे बेटा, तुह्याच फोनवर करतो."

मी नंबर दिला. भाव तिथल्या तिथे ठरला. शेड वाचली. इतका मोठा धोंडा छातीवरून उतरला की मी फोन ठेवून हसायला लागले, आणि मग करपल्याचा वास आला. आईने गॅस बंद केला. भाकर एका बाजूने काळी झाली होती. तिने ती उचलून बाहेर गाईच्या टोपल्यात टाकली आणि भिंतीकडचं ताट घासायच्या भांड्यांत नेऊन ठेवलं. "चांगलं झालं," ती म्हणाली. "माल गेला पाह्यजे."

माल गेला. दिवाळी झाली. बायांना साड्या वाटल्या. चाचांचे फोन आता माझ्या फोनवर यायचे, लांबलचक परदेशी नंबरवरून, आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा स्पष्ट. पण बोलणं अगदी तुटक. पाऊस नाही, पोरं नाहीत, आर्णी नाही. माल, भाव, ट्रान्सपोर्टची बिल्टी आणि ठेवलं. सरळ फोन महाग पडतो, त्यात माणसाची विचारपूस परवडत नाही.

आणि आईचा फोन वाजायचा बंद झाला. ती सकाळीच भाकरी करून डब्यात भरून ठेवू लागली. मी एकला गेले की डबा पुढे सरकवायची. दुपारभर ती ओसरीत बसायची, फोन मांडीवर, कापसाचा पुंजका हातात, आणि वात वळायची राहून जायची. सगळ्या शेडमध्ये तिच्यासारखी वात कुणाची नव्हती. आता तिच्या वाती सैल पडत होत्या. "बोटं नाई चालत वं," म्हणायची. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वय आहे. माझ्या डोळ्यांदेखत ती विझत चालली होती आणि ते मीच केलं होतं, फोन उचलून. उचलला नसता तर शेड गेली असती. याचा हिशेब मला अजून लावता आलेला नाही.

थंडी पडली तेव्हा एक दिवस ती म्हणाली, "त्याले सांग ना, सस्त्यातच फोन करत जा म्हनाव. मह्याच नंबरवर."

"कशाला?"

"त्याले उगाच दोनदा लावा लागन, तं डब्यामागं वाटल्यास आपुन कमी घेऊ."

मी भडकले. मी म्हटलं, धंदा आहे आई, कीर्तन नाही. यंत्रवाला टपून बसलाय, आपल्याला एक पैसा सोडता येत नाही, आणि तुला सगळं माहीत आहे ना, फोन कोणाचा येतो ते? तू कानांनी ऐकलंस.

"आयकलं ना," ती म्हणाली. "मले मालूम हाय तो कोन बोलते ते. मी कुठं बोलाव म्हनते? नुसतं वाजू दे."

मी तणतणत निघून गेले. पण ते वाक्य स्कूटीवर माझ्या मागे बसून आलं. त्या रात्री आणि पुढे बरेच दिवस मी मनातल्या मनात डब्यामागचा भाव मांडत राहिले. बायांच्या मजुरीला हात लावायचा नव्हता. माझ्या घेण्यातून काढलं तर जमत होतं. आई नुसत्या वाजण्याची किंमत द्यायला तयार होती, आणि मला ती किंमत जास्त वाटेनाशी झाली.

संक्रांतीच्या अलीकडची गोष्ट. बाबांना वर्ष व्हायचं होतं. मी दुपारी आईकडे होते, ती मागे भांडी घासत होती. माझा फोन वाजला, परदेशी नंबर. चाचांना पुढच्या मालाचा भाव हवा होता. तो ठरला. मी म्हटलं, "चाचा, एक बोलायचं होतं."

"बोल बेटा, जल्दी बोल, मीटर पळून राह्यलं."

"ते कार्डाचं," मी सुरुवात केली.

आणि फळीवरचा आईचा फोन वाजला.

पडद्यावर 'अहो' होतं. चाचा माझ्या कानाशी होते, "हॅलो, कार्डाचं काय?" विचारत होते. फोन एकदा वाजला. दुसऱ्यांदा वाजला. आणि कट झाला.

आई मागच्या दारात येऊन उभी होती. हातांतून राखेचं पाणी गळत होतं. तिने फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या कानाजवळच्या फोनकडे, ज्यात चाचा हॅलो हॅलो करत होते. 

मला कारणं ठाऊक होती. त्या खोलीतून कुणाचा तरी चुकीचा नंबर लागला असेल. सिम दुसऱ्या कुणाला विकलं असेल आणि त्याचं बोट चुकून पडलं असेल. दोन रिंगांत कुणीही फोन कट करतं. घर दहा मिनिटांवर आहे, शेडला मी स्वतः कुलूप लावून आले होते.

मी फोन ओट्यावर ठेवला. चाचा तिकडे बोलत होते, त्यांचं मीटर पळत होतं, आणि मी तो बंद केला नाही की उचलला नाही. काडी ओढून गॅस पेटवला आणि तवा ठेवला.

"पीठ खालच्या डब्यात हाय," आई म्हणाली आणि हात पुसत भिंतीकडचं ताट मांडायला गेली.

मी परात घेतली आणि पीठ काढलं.